सड्यावरच्या हत्तीची सातबाऱ्यावर नोंद करा

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



कोकणातल्या कातळशिल्पांविषयीची निवेदने आजवर बहुतेक सांस्कृतिक कार्य खात्याकडे किंवा पुरातत्त्व संचालनालयाकडे गेली. मी आपल्याला लिहितो आहे, कारण सड्यावरच्या या चित्रांचे उद्या काय होणार ते तहसील कचेरीत ठरते. सडा कोणाच्या नावावर आहे, त्याचा फेरफार कधी झाला, तिथे चिरेखाणीचा परवाना निघाला का, जमीन बिनशेती झाली का, हे सगळे कागद आपल्या खात्याचे. त्या कागदांवर विहिरीची नोंद असते, बँकेच्या बोज्याची असते, शेजाऱ्याच्या वहिवाटीची असते. हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याच जमिनीत कोरलेल्या हत्तीची मात्र नोंद होत नाही. त्या एका नोंदीसाठी हे पत्र आहे.

मी राजापूर तालुक्यातला एक खातेदार. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर शेताचे तुकडे थोडे आणि कातळ फार. डोंगर चढून वर यावे तर माथा सपाट, हाच आमचा सडा, नजर पोचेल तिथवर काळपट-तांबडा जांभा, मध्ये करवंदीच्या जाळ्या आणि चरणारी गुरे. चैत्रात त्या कातळावर अनवाणी उभे राहवत नाही. श्रावणात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवे आणि गेंदाची फुले गालिच्यासारखी पसरतात. महसुलाच्या दृष्टीने ही जमीन पोटखराबा. तिच्यावर पीक नाही, आकार नाही, त्यामुळे तलाठी, मंडळ अधिकारी यांचे पाय तिथे लागायचे कारणही फारसे येत नाही. म्हातारी माणसे सांगत की वर सड्यावर पांडवांनी एका रात्रीत चित्रे काढली. त्या सांगण्याला कागदावर काही जागा नव्हती.

दगडात कोरलेली चित्रे देशात इतरत्रही आहेत. लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यातल्या डोंगरउतारांवर मोठमोठे धोंडे पडलेले आहेत आणि त्यांच्या काळ्या पडलेल्या अंगावर रानबोकड, याक, धनुर्धारी शिकारी कोरलेले आहेत. बळ्ळारीजवळ कुपगलच्या टेकडीवर डोलेराइटच्या काळ्या शिळांवर लांब शिंगांचे, वशिंडाचे बैल आहेत. ते नवाश्मयुगीन पशुपालकांचे. तिथले धोंडे उतारावर पडलेले, चित्रे त्यांच्या तोंडावर कोरलेली. चढणाऱ्याच्या नजरेला ती आपसूक पडतात. तरीही कुपगलला दगडखाणींनी काही चित्रे गिळली, हे संशोधकांनी लिहून ठेवले आहे.

आमची चित्रे आडवी आहेत. ती पायाखाली आहेत. त्यांच्यावरून माणूस चालत जातो, गुरे जातात, ट्रक जातो. भर दुपारी आपण एखाद्या चित्राच्या मधोमध उभे राहिलात तरी आपल्याला भेगाळलेला कातळ तेवढा दिसेल. ती पाहायची तर सकाळी लवकर जायला हवे. ऊन तिरपे असते तेव्हा खोबणीच्या एका काठाची सावली आत पडते आणि रेघ उमटू लागते. आधी पाठीचा बाक दिसतो, मग गंडस्थळ, मग सोंड, आणि त्यानंतर आपण ज्यावर उभे आहोत तो हत्तीचा पाय आहे हे कळते. खाली बसून हात फिरवावा. खोबण दोन-तीन बोटे खोल, काठ पावसाने झिजून बोथट झालेले, आत वाळलेल्या शेवाळाचा काळा पापुद्रा. पहिला पाऊस पडून गेला की खोबणीत पाणी साचते आणि थोडा वेळ सगळी आकृती लखलखते.

कशेळीचे नाव आपण कनकादित्याच्या देवळामुळे ऐकले असेल. त्याच गावच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा एक हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर कित्येक प्राणी कोरलेले आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातले. सड्यांवरच्या चित्रांत पाकट आहे, मुशी आहे, कासव आहे. म्हणजे कोरणाऱ्याला समुद्र ठाऊक होता आणि रानही. गेंडा ओळखता येतो. आज रत्नागिरी जिल्ह्यात ना गेंडा, ना रानहत्ती. बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही अंगांना दोन वाघ आहेत, आणि जगभरच्या प्राचीन कलेत दिसणाऱ्या ‘पशूंचा स्वामी’ या कल्पनेशी अभ्यासक त्याचे नाते लावून पाहतात. देवाचे गोठणे येथे एकच मानवाकृती आहे आणि तिथल्या कातळावर होकायंत्र ठेवले की सुई भरकटते. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ मोठी चौकोनी रचना आहे, तिचा अर्थ अजून कोणाला नीट लावता आलेला नाही.

या चित्रांमध्ये नांगर नाही, पेरणी नाही, शेतीचे एकही दृश्य सापडलेले नाही. शिकारीचे आणि पाण्यातले प्राणी भरपूर आहेत. त्यावरून त्यांतली जुनी चित्रे शेतीच्या आधीच्या काळातली, मध्याश्मयुगातली असावीत असे पुरातत्त्वज्ञ मानतात. नेमके वय काढणे अवघड आहे. कातळात कोरलेल्या रेघेत रंग नाही, कोळसा नाही, प्रयोगशाळेत पाठवावे असे काही नाही. म्हणूनच भोवतालाला महत्त्व येते. जवळच्या खळग्यात साठलेली माती, तिच्यात सापडू शकणारी दगडी हत्यारे, उतरणीवरच्या गुहा, पाण्याच्या जागा, यांतूनच काळ उलगडेल. कणकवली तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खनन झाले तेव्हा दगडी हत्यारे निघाली, ती याच शोधाची एक पायरी होती. उद्या चित्र जागेवर ठेवले आणि चारी बाजूंचा सडा कापून नेला, तर चित्र राहील आणि त्याचा काळ सांगणारे पुरावे जातील. शिवाय खाणीच्या कडेला कातळ भेगाळतो आणि पाण्याच्या वाटा बदलतात, ते वेगळेच.

ही चित्रे जगापुढे आणली ती सरकारने नव्हे, हेही नम्रपणे सांगतो. निवळी, हिवाळे, कुडोपी अशा काही जागा आधीपासून अभ्यासकांना माहीत होत्या. पण गेल्या दशकात निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई गावोगाव फिरले. म्हाताऱ्यांना विचारले, गुराख्यांना विचारले, खराट्याने माती झाडली, आणि एकेका सड्यावरून चित्रांचे समूह बाहेर आले. आज कोकणात हजाराहून जास्त आकृत्यांची नोंद आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने, तेजस गर्गे संचालक असताना, हे काम उचलून धरले. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या, आठ महाराष्ट्रातल्या आणि एक गोव्यातली, कुशावतीच्या काठची. ज्या गुराख्यांनी बोट दाखवले त्यांची नावे कुठे आली नाहीत, पण ती चित्रे सापडली ती त्यांच्यामुळे.

आता सड्यावर काय घडते ते सांगतो, कारण मंत्रालयातून ते दिसत नाही.

आमच्याकडच्या बहुतेक जमिनी सामाईक आहेत. आजोबा-पणजोबांच्या नावांखाली वारस लागत गेले. त्यांतले निम्मे मुंबईला, काही पुण्याला, काहींचा पत्ताच नाही. सडा नांगरता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, वाटणीत तो कोणी मागत नाही. मग एक दिवस दलाल येतो. कुलमुखत्यारपत्रावर सह्या गोळा होतात, गुंठ्याला मिळेल तो भाव मान्य होतो, कारण ज्या जमिनीने आजवर काहीच दिले नाही तिचे चार पैसे आले तर नकोत कशाला? घेणारा सड्यावर पाऊलही न टाकता घेतो. त्याचा वकील शोध अहवाल काढतो, सातबारा पाहतो, इतर हक्कांचा रकाना कोरा दिसतो, आणि खरेदीखत होते. या व्यवहारात कोणी खोटे बोललेले नसते. चित्राची माहिती द्यायची सोयच कुठे नसते.

पुढे त्या जमिनीत चिरेखाण निघते. चिऱ्याचे यंत्र आपण पाहिले असेल. गोल पाते कातळात ओळीने उभे छेद देत जाते, मग आडवे, आणि एकेक चिरा सुटा होतो. तांबडी धूळ अर्ध्या मैलावरच्या आंब्याच्या कलमांच्या पानांवर बसते. पण यंत्र लागायच्या आधी जे होते ते महत्त्वाचे आहे. जांभ्याचा सगळ्यात वरचा थर कडक आणि भेगाळ असतो. त्याचे सुबक चिरे पडत नाहीत, म्हणून तो जेसीबीने खरवडून आधी बाजूला ढकलतात. चित्रे नेमकी त्या थरात आहेत. खाणीच्या हिशेबात तो थर टाकाऊ, म्हणून तो पहिल्याच दिवशी जातो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही होते हे दाखवायला काही उरत नाही. कलमांच्या बागांचेही तसेच. कातळात सुरुंग लावून किंवा यंत्राने खड्डे काढतात, माती आणून भरतात. बंगल्यांचे प्लॉट पाडताना भराव घालून सपाटी करतात. भरावाखाली चित्र कदाचित शाबूत राहीलही, पण ते तिथे आहे हे सांगणारा माणूस गेला की ते गेल्यासारखेच.

मी चिरेखाणींच्या विरोधात नाही. माझे घर चिऱ्याचेच आहे आणि आमच्या वाडीतली कितीतरी घरे त्या धंद्यावर चालतात. कलमे ही तर आमची भाकरी. प्रश्न एवढाच आहे की परवाना देताना कोणी विचारत नाही. गौण खनिजाचा अर्ज आपल्या खात्याकडे येतो. जागेचा अहवाल आपल्या खात्याची माणसे देतात. झाडे किती, घरे किती अंतरावर, रस्ता कुठे, पाण्याचा स्रोत कुठे, हे पाहिले जाते. त्याच अहवालात ‘जागेवर कातळशिल्प आहे काय’ एवढी एक ओळ वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. बेकायदा उत्खननावर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली आपण जबर दंड लावता, तो योग्यच आहे. पण रीतसर परवाना घेऊन, स्वामित्वधन भरून चित्र नष्ट झाले तर त्याला दंड नाही, कारण कागदावर तिथे चित्र नव्हतेच.

माझी मुख्य मागणी सातबाऱ्यातल्या गाव नमुना सातची. इतर हक्कांच्या रकान्यात एक वाक्य यावे: ‘या जमिनीत कातळशिल्प आहे, पुरातत्त्व विभागाच्या पूर्वपरवानगीशिवाय उत्खनन, सुरुंग किंवा भराव करू नये.’ एवढे वाक्य असले की विकणाऱ्याला ते सांगावे लागेल, घेणाऱ्याच्या वकिलाला ते दिसेल, तहसीलदारांच्या टेबलावर परवान्याचा अर्ज येईल तेव्हा तेही थांबून पाहतील. राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषणा व्हायची तर १९६० च्या राज्य कायद्याप्रमाणे आधी अधिसूचना, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना असा लांबचा रस्ता आहे. आठ-दहा प्रमुख जागांसाठी तो चालावाच लागेल. पण शेकडो सुट्या आकृत्या वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हिश्श्यांत पसरलेल्या आहेत. त्या सगळ्या स्मारक होणार नाहीत. त्यांना आधार आहे तो आपल्या खात्याच्या फेरफाराचा.

इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. गावात लोक या नोंदीला भितात. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, हा नियम आता गावोगाव माहीत झाला आहे, आणि तो सगळ्याच चित्रांना लागणार असे लोक धरून चालतात. सड्यावर चित्र निघाले की जमीन सरकार घेणार, घराला पडवी काढता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, असे दलालच पसरवतात. या भीतीपोटी चित्रावर माती ओढली जाते. त्याहून वाईट म्हणजे कोणी पाहायच्या आत ते फोडून टाकायचा विचार एखाद्याच्या मनात येतो. ज्या माणसाच्या पणजोबाने ते चित्र पांडवांचे म्हणून जपले, त्याच्या पणतूला ते संकट वाटावे, ही वेळ आपण येऊ देऊ नये.

त्यावरचा उपायही आपल्याच खात्यात आहे. भूमी अभिलेख कार्यालयाने चित्राची मोजणी करावी. हिस्सा चार एकरांचा असेल आणि चित्र चार गुंठ्यांत असेल, तर बंधन त्या चार गुंठ्यांवर आणि भोवतीच्या ठरावीक पट्ट्यावर यावे, सगळ्या चार एकरांवर नको. नकाशावर त्याच्या सीमा दाखवल्या की अफवेला जागा उरत नाही. आणि त्या चार गुंठ्यांचे मालकाला दर वर्षी भुईभाडे मिळावे. संपादन करायला जो पैसा आणि जो काळ लागतो त्यापुढे हे भाडे किरकोळ आहे. मालकी मालकाकडेच राहील, राखणही तोच करील. ज्या सड्याने कधी दमडी दिली नाही तो वर्षाला काहीतरी देतो आहे म्हटल्यावर चित्रावर माती ओढणारा हात थांबेल, याची मला खात्री आहे. २०१८ मध्ये राज्याने कातळशिल्पांच्या अभ्यासासाठी २४ कोटींची तरतूद केल्याचे वाचले होते. अभ्यास व्हायलाच हवा. पण ज्याच्या जमिनीत चित्र आहे त्या खातेदाराच्या नावाने एक रुपयाही निघत नाही, तोवर राखणीचा भार फुकट त्याच्याच माथी राहणार.

गावाला विश्वासात घेतले की काय होते ते उक्षीत दिसते. कोकण रेल्वेवरचे हे लहान गाव. तिथल्या हत्तीभोवती गावाने पुढाकार घेऊन जांभ्याचा कठडा बांधला. पाहुणे आले की गावकरीच चित्र समजावून सांगतात. तिथे चित्राची कोणाला भीती नाही, कारण ते गावाचे झाले आहे.

बारसूचे नाव वर आले आहे म्हणून एक सांगतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले आणि त्याला झालेला विरोध साऱ्या राज्याने पाहिला. प्रकल्प हवा की नको, हा वाद मी या पत्रात आणत नाही. त्याची दोन्ही बाजूंची माणसे माझ्याच नात्यागोत्यातली आहेत. पण कोणत्या सर्व्हे नंबरात, कोणत्या हिश्श्यात चित्रे आहेत हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते, तर जागा सुचवणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते पहिल्याच दिवशी दिसले असते. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतून पुढे सरकायचे असेल तर त्या जागांना कायद्याचा कोणता आधार आहे आणि भोवतीच्या क्षेत्राच्या सीमा कोणत्या, हे राज्याला नकाशासह दाखवावे लागणार आहे. तो नकाशा आज ना उद्या आपल्याच खात्याकडे मागितला जाईल.

पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात. दिवाळीच्या आसपास रस्ते वाळतात आणि यंत्रे पुन्हा सड्यावर चढतात. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी या आठ गावांतल्या नोंदी त्याआधी धरता येतील. जागा माहीत आहेत, त्यांची मापे झाली आहेत, रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे माहिती आहे. तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एक परिपत्रक गेले की काम सुरू होईल. बाकीच्या गावांना वर्ष-दोन वर्षे लागतील, ती लागू देत.

आमच्या सामाईक सड्यावरही एक आकृती आहे. ती मासा असावी. तिची नोंद इतर हक्कांत धरावी असा अर्ज मी या पत्रासोबत जोडतो आहे. त्यावर गावात राहणाऱ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत. मुंबईकरांच्या सह्या गणपतीत सगळे घरी आले की घेऊन पाठवतो.

आपला विश्वासू,
राजापूर तालुक्यातला एक खातेदार